घर, गावकूस आणि राजगृह

आपल्या इतिहासकारांनी किल्ल्यांवर लिहिले, राजवाड्यांवर लिहिले, पेशवाईतील वाड्यांच्या नक्षीकामावरही भरभरून लिहिले. त्या वाड्यांसाठी ज्यांनी माती कालवली, दगड वाहिले, त्यांची स्वतःची घरे कुठे होती, कशी होती आणि ती तिथेच का होती, हा इतिहासाचा प्रश्न आहे असे फार थोड्यांना वाटले. वास्तविक भारतीय समाजरचनेचा पहिला धडा पोथीत नसून गावाच्या नकाशात आहे. माणसाने तोंड उघडण्याआधी त्याचे घर त्याची जात सांगते. कोणाचे घर वेशीच्या आत, कोणाचे बाहेर. कोणाच्या दारात विहीर, कोणाच्या दारात उकिरडा. कोणत्या दिशेचा वारा कोणाच्या अंगावरून आधी जावा, हे सारे ठरलेले होते. ते ज्यांनी ठरवले त्यांनी त्याला धर्म म्हटले.

या पार्श्वभूमीवर मला एका घराविषयी लिहायचे आहे. ते घर मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत, पाचव्या गल्लीत उभे आहे. त्याचे नाव राजगृह. त्याचे चित्र आपल्या घराघरात आहे आणि सहा डिसेंबरला लाखो माणसे त्याच्या दारावरून जातात. पण या घराचे वाचन आपण अजून नीट केलेले नाही. बाबासाहेबांचे विरोधक त्या काळापासून म्हणत आले की, हे गृहस्थ परळच्या कामगारांना सोडून पांढरपेशांच्या वस्तीत राहायला गेले. आपले भाविक अनुयायी त्या घराला हात जोडून पुढे जातात. टीकाकाराने घर पाहिले नाही आणि भाविकानेही पाहिले नाही. त्या घरामागे एक विचार आहे. तो समजायचा तर आधी आपली घरे कुठे होती ते पाहिले पाहिजे.

१

मी सोनाळ्याचा. बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या गावासारखीच त्याची रचना. आमच्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. काळी पिकवते, पांढरी वसवते. पांढरीवर ज्याची जागा तो गावचा माणूस. आमची वस्ती पांढरीच्या कडेला, गाव संपते तिथे सुरू होणारी. सुखवस्तू माणसाचे घर धाब्याचे, जाड मातीच्या भिंतींचे. आमच्या लोकांची घरे तुराट्या-पऱ्हाट्यांच्या कुडाची, वरून शेणामातीने लिंपलेली. पऱ्हाटीच्या देशात कापूस गेला जिनात आणि काड्या आल्या आमच्या भिंतीला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पण घर म्हणजे भिंती आणि छप्पर एवढेच नव्हे. घराभोवती काय आहे यावर घराचे घरपण ठरते. पिण्याचे पाणी किती पावलांवर आहे? ते हाताने शेंदता येते की कोणी ओंजळीत ओतेपर्यंत उभे राहावे लागते? पावसाळ्यात रस्ता दारापर्यंत येतो की वेशीशीच थांबतो? शाळेत पोराला भिंतीशी बसवतात की बाहेर? मेलेल्या माणसाला न्यायची वाट कोणाच्या धुऱ्यावरून जाते? बायाबापड्यांना अंधार पडेपर्यंत गोदरीला जाण्यासाठी थांबावे लागते का? आज ज्यांना नागरी सोयी म्हणतात, त्या गावगाड्यात जातवार वाटलेल्या होत्या. सोय वरच्याची आणि त्या सोयीची सफाई, राखण, ओझे खालच्याचे.

माझी आजी हे एका वाक्यात सांगे. तिला शाळा माहीत नव्हती. ती म्हणे, "घर आपलं होतं बाप्पा, पन पानी लोकायचं होतं." लोकायचं म्हणजे लोकांचे, गाववाल्यांचे. समाजशास्त्राच्या पुस्तकातील पानभर व्याख्येपेक्षा हे वाक्य मला अधिक नेमके वाटते. स्वतःच्या घरात राहणारा माणूस पाण्यासाठी जर दुसऱ्याच्या मेहेरबानीवर असेल, तर तो त्या घराचा मालक कसला? तो त्या गावाचा ओलीस.

मुंबई कायदेमंडळात १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असे त्यात म्हटले होते. तो कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. महाडचा संग्राम पाण्याचा होता हे आपण नेहमी सांगतो. तो वस्तीचाही होता. गावाच्या मधोमध असलेल्या सार्वजनिक सोयीपर्यंत चालत जाण्याचा हक्क हा त्याचा गाभा होता. पाण्यावरून परतलेल्या माणसांना गावात मारहाण झाली, यावरून गावाने तो अर्थ बरोबर ओळखला होता हे दिसते.

२

खेड्यातला माणूस मुंबईला गेला तो पोटासाठी, हे खरे. पण मुंबईत त्याला पहिल्यांदा असे घर मिळाले, ज्याच्या नळाला जात विचारता येत नव्हती, किंवा निदान विचारणे अवघड होते. म्हणून चाळीच्या इतिहासाला आपल्या इतिहासात फार महत्त्व आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांतून तो पसरला. सरकार जागे झाले आणि १८९८ साली शहर सुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने गलिच्छ ठरवलेल्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. पाडलेल्या वस्त्यांत राहणारा गरीब माणूस कुठे गेला याचा हिशेब मात्र कोणी फारसा ठेवला नाही. त्याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे दोनशेवर चाळी उभ्या केल्या. त्यातली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. संडास आणि नळ मजल्यावर सामाईक. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन, शिवाय गावाकडून आलेले पाहुणे.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन अशाच खोल्यांत गेले. रामजी सुभेदार कुटुंब घेऊन मुंबईला आले तेव्हा बिऱ्हाड परळच्या डबक चाळीत, एका खोलीत होते. त्या खोलीत चूल, सरपण, भांडी आणि सारे कुटुंब. मुलाला वाचायला शांतता मिळावी म्हणून वडील त्याला लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास त्याला उठवून त्याच्या जागी आपण झोपत, ही हकीकत चरित्रातून प्रसिद्ध आहे. आपण ती वडिलांच्या त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. ती जागेच्या टंचाईचीही गोष्ट आहे. एका माणसाला वाचता यावे म्हणून दुसऱ्या माणसाने झोप सोडावी लागते, एवढीच जागा त्या घरात होती.

पुढे १९१२ पासून कुटुंब परळला पोयबावाडीतील ट्रस्टच्या पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत राहिले. एक खोली संसाराची, दुसरी पुस्तकांची आणि माणसांची. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला, मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद झालेला, महाड आणि काळारामचा संग्राम चालवणारा हा माणूस १९३४ पर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, या खोल्यांचा भाडेकरू होता. कामगारांना सोडून गेल्याचा आरोप करणाऱ्यांनी ही बावीस वर्षे आधी मोजावीत.

चाळीबाहेर जगाने त्यांना घर कसे दिले तेही आठवावे. बडोदे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते १९१७ साली गेले, तेव्हा परदेशी विद्यापीठात शिकलेल्या या अधिकाऱ्याला शहरात खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात ते नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने घर दिले नाही, ख्रिस्ती मित्राने दिले नाही. शेवटी सार्वजनिक बागेत तास काढून ते मुंबईच्या गाडीत बसले. पदवी मिळते, नोकरी मिळते, घर मात्र मिळत नाही, हा अनुभव त्यांच्या घरविषयक विचाराच्या मुळाशी आहे.

३

आता दादरकडे वळू. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी दादर, माटुंगा, वडाळा, सायन या भागाची योजना आखली. मुंबईचे हे पहिले नियोजित उपनगर मानले जाते. त्या वेळी ही शहराबाहेरची, शेतीवाडीची जागा होती. ट्रस्टने जमीन घेतली, रस्ते आखले, गटारे टाकली, प्लॉट पाडले. इमारत किती उंच असावी, दोन इमारतींत किती अंतर असावे याचे नियम केले. घराला हवा आणि उजेड मिळाला पाहिजे हे तत्त्व त्यामागे होते. प्लेगने शिकवलेला तो धडा होता. बागा राखून ठेवल्या, शाळांसाठी जागा मिळाल्या. दोन रेल्वेंचे दादर स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, आणि हमरस्त्यावर ट्रामचे शेवटचे थांबे. दादर टी.टी. हे नाव अजून टिकून आहे, ट्राम मात्र १९६४ साली बंद झाली. ज्या हमरस्त्याला तेव्हा किंग्ज वे म्हणत, त्याला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात.

या उपनगरात घराची कल्पनाच बदलली. चाळीत नळ आणि संडास सामाईक, इथे ते घराच्या आत. चाळीत गॅलरी सर्वांची, इथे दार बंद केले की घर आपले. मध्यमवर्गीय पांढरपेशा कुटुंबाला हे हवे होते. पण या आधुनिक नकाशावरही जुनी रेघ उमटलीच. हमरस्त्याच्या एका बाजूला पारशी कॉलनी, दुसऱ्या बाजूला हिंदू कॉलनी. नळ नवे, गटारे नवी, वस्तीचे नाव मात्र धर्माचे. हिंदू कॉलनी हे नाव असले तरी तेथे राहणारा वर्ग मुख्यतः उच्चवर्णीय, शिकलेला, नोकरदार असा होता. शहराची आखणी विलायतेहून आली, शेजार निवडण्याची रीत गावाहून आली.

तरीही खेडे आणि हे उपनगर यांत एक मोठा फरक होता. गावच्या पांढरीवर जागा मिळते ती जन्माने. उपनगरातील प्लॉटला क्रमांक असतो, किंमत असते, करार असतो. क्रमांकाला सोवळे-ओवळे नसते. शेजाऱ्याच्या मनात काही असो, कागद पक्का असला तर घर उभे राहते. बाबासाहेब कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे पंडित होते. जातीच्या जमिनीत कराराच्या जमिनीइतकीही मोकळीक नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

४

वकिलीत जम बसल्यावर १९३० च्या सुमारास त्यांनी हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले. एकावर राहण्यासाठी राजगृह आणि दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी चार मिनार नावाची इमारत, अशी बांधकामे झाली. त्यासाठी कर्ज काढावे लागले. हा काळ लक्षात घ्या. याच वर्षांत तीन गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. देशाच्या राज्यघटनेत आपल्या माणसांची जागा कुठे, यासाठी ते लंडनला भांडत होते आणि इकडे दादरला विटा रचल्या जात होत्या. घर १९३३ च्या सुमारास पुरे झाले.

या घराची रचना संसारापेक्षा ग्रंथांना धरून झाली. कुटुंबासाठी काही खोल्या आणि वरच्या बाजूला पुस्तकांसाठी प्रशस्त जागा. ट्रस्टच्या चाळीतील एका खोलीत न मावणारी पुस्तके हे हे घर बांधण्याचे खरे कारण होते. पुढे त्यांचा ग्रंथसंग्रह पन्नास हजारांच्या घरात गेला असे सांगितले जाते. आणि जेव्हा १९४१ साली चार मिनार विकायची वेळ आली, तेव्हा कर्ज आणि ग्रंथ हीच त्यामागची कारणे होती. भाड्याचे उत्पन्न देणारी इमारत विकून पुस्तके राखणारा घरमालक हिंदू कॉलनीत दुसरा कोण होता?

ज्या व्यवस्थेने शूद्रातिशूद्रांना अक्षर निषिद्ध केले, त्या व्यवस्थेच्या सुशिक्षित वस्तीच्या मध्यावर एका महाराने ग्रंथांचे घर बांधले. याला मी विद्रोह म्हणतो. हा विद्रोह घोषणेचा नव्हता, विटांचा होता. मोर्चा संध्याकाळी पांगतो, घर तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी दूध आणायला निघाला की त्याला ते दिसते.

नावाकडेही पाहिले पाहिजे. राजगृह ही प्राचीन मगधाची राजधानी, बिंबिसाराची. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती तिथे भरली. घराला हे नाव मिळाले तेव्हा येवल्याची घोषणा व्हायची होती. ती १३ ऑक्टोबर १९३५ ची. धर्मांतर तर १९५६ साली झाले. पण हिंदू कॉलनी नावाच्या वस्तीतील घराच्या कपाळावर बौद्ध इतिहासातील नगरीचे नाव आधीच लिहिले गेले होते. पत्ता हिंदूंचा, नाव बुद्धाच्या काळाचे. माणूस कुठे राहतो आणि कुठे निघाला आहे, हे दोन्ही त्या पत्त्यात होते.

या घराच्या इतिहासात एक दुखरी जागा आहे. रमाबाईंनी आयुष्य काढले ते चाळीच्या खोलीत. पती परदेशी असताना त्यांनी सोसलेले दारिद्र्य, एकामागून एक गेलेली चार मुले, हे सारे त्याच सामाईक नळाच्या जगात घडले. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले ते राजगृहात. म्हणजे उजेडाचे, घरात पाणी असलेले घर त्यांना मिळाले ते वर्षा-दीड वर्षासाठी. आपल्या बायकांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडते. घर उभे राहीपर्यंत शरीर झिजून गेलेले असते. म्हणून पाणी, संडास आणि सरपण हे प्रश्न दुय्यम आहेत असे समजणारा कार्यकर्ता बाबासाहेबांचा अनुयायी असू शकत नाही, असे मी समजतो.

आता आरोपाकडे येऊ. दादरला गेल्यावर बाबासाहेब कामगारांपासून तुटले काय? १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. जानेवारी १९३८ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर गेला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध गिरणी कामगारांचा संप झाला. या सर्व लढ्यांच्या काळात त्यांचा पत्ता राजगृह हाच होता. परळ आणि दादर यांत अंतर ते किती? नायगावच्या चाळी तर जवळच. सवर्ण पुढारी बंगल्यात राहून गरिबांचा कैवार घेतो तेव्हा त्याला त्यागी म्हणतात. दलित पुढाऱ्याने मात्र खोलीतच राहावे, कारण त्याचे दारिद्र्य हेच त्याच्या निष्ठेचे प्रमाणपत्र! हा न्याय कुठला? आपल्या जागेवर राहा, असे सांगणाऱ्या मनूचाच हा नवा अवतार आहे.

५

इथे एक विचारी वाचक आक्षेप घेईल. बाबासाहेबांनी स्वतः सवर्णांच्या वस्तीत घर बांधले, आणि १९४२ च्या नागपूर परिषदेत तर अस्पृश्यांच्या स्वतंत्र गावांची मागणी झाली. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या स्टेट्स अँड मायनॉरिटीज या निवेदनातही त्यांनी पडीक सरकारी जमिनीवर स्वतंत्र वसाहतींची योजना मांडली. एकीकडे शेजार, दुसरीकडे फारकत. ही विसंगती नव्हे काय?

माझ्या मते नाही. दोन्ही योजनांचा शत्रू एकच आहे : गावाने नेमून दिलेली जागा. शहरात कराराच्या बळावर माणूस सवर्णांच्या शेजारी घर घेऊ शकतो. खेड्यात तो मार्ग बंद आहे, कारण तिथे जमीन, पाणी, मजुरी आणि सावकारी एकाच हातात असते. तिथे महारवाड्यात पक्के घर बांधले तरी बहिष्कार पडला की पिठाची गिरणी बंद होते. म्हणून खेड्यासाठी उत्तर वेगळे : ज्या वस्तीच्या पाण्यावर, जमिनीवर आणि रस्त्यावर आपली सत्ता असेल अशी वस्ती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवावर केलेला प्रहार याच विचारातून आलेला होता. राजगृह आणि स्वतंत्र गाव ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक व्यक्तीच्या आवाक्यातले, दुसरे शासनाच्या. पहिले त्यांनी स्वतः करून दाखवले. दुसरे शासनाने केले नाही.

संविधानाच्या १५ व्या कलमाने विहिरी, तळी, घाट, रस्ते, दुकाने सर्वांना खुली केली आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्यासाठी शिक्षा सांगणारा कायदा आला. सार्वजनिक सोयीचे दार कायद्याने उघडले. पण खाजगी घराचे दार? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरते ठेवले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध मानला. निकालात संघटनेच्या स्वातंत्र्याचा विचार आहे, हे खरे. परंतु ज्या देशात शेजार ही जातीची तटबंदी आहे, तिथे या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतो हे आपल्याला विचारलेच पाहिजे.

मी स्वतः नोकरीच्या गावी भाड्याची खोली शोधत होतो. घरमालकाने भाडे सांगितले, नळाची वेळ सांगितली, शेवटी आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर त्याला आठवले की खोली पुतण्यासाठी राखून ठेवलेली आहे. आवाज चढला नाही, कोणी काठी घेऊन आला नाही. बडोद्याच्या काठीचे काम आता पुतण्या करतो. आमच्या शिक्षकबंधूंपैकी ज्यांना असा पुतण्या भेटला नाही असे फार थोडे सापडतील.

आणि घर मिळाले तरी ते सुखरूप राहते असे नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या चाळींत दंगल पेटली तेव्हा शेजारी शेजाऱ्यावर चालून गेला. त्याच दिवसांत निघालेल्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडी पाट्याने पँथर भागवत जाधव यांचा बळी घेतला. खुद्द राजगृहाच्या आवारात ७ जुलै २०२० रोजी संध्याकाळी मोडतोड झाली. कुंड्या फोडल्या, काचा फोडल्या. कुंडी फोडणाऱ्याला आत किती पुस्तके होती हे कदाचित ठाऊकही नसेल. पण दलिताच्या दारातली कुंडी, दलिताच्या खिडकीची काच, ही त्याच्या माणूसपणाची खूण आहे, एवढे फोडणाऱ्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले असते.

६

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेब गेले. त्यांचा देह मुंबईला आणला तो राजगृहात. ७ डिसेंबरला तिथून निघालेली अंत्ययात्रा दादरच्या चौपाटीवर पोचली. ज्या कॉलनीच्या रस्त्यावर आपली माणसे धुणीभांडी करायला किंवा झाडू मारायला येत, त्या रस्त्यावर लाखोंचा समुदाय उभा राहिला. तेव्हापासून दर वर्षी आमच्या भागातली माणसे शेगावहून, अकोल्याहून गाडीत बसतात आणि दादरला उतरतात. त्या घराच्या तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वस्तू पाहतात आणि परततात. परतून कुठे येतात? आपल्या वस्तीत.

त्या वस्तीचे आज काय? नाव बदलण्याचा निर्णय झाला. २ डिसेंबर २०२० रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. चांगले झाले. पण पाटी बदलली म्हणून जागा बदलत नाही. घरकुलेही आली. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी जी योजना आहे तिला रमाईचे नाव आहे. घराचे क्षेत्र २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर. कुडाच्या जागी विटा आल्या, हे मी कमी लेखत नाही. ज्याने पावसाळ्यात रात्रभर भांडी गळतीखाली ठेवली आहेत त्याला स्लॅबची किंमत कळते. पण हिशेब करा. वरळीच्या चाळीची खोली १६० फुटांची होती. शंभर वर्षांत आपण १०९ फूट पुढे आलो. शिवाय हे घरकुल बांधायचे कुठे? जिथे जुने झोपडे होते तिथेच. ज्याच्या नावावर जागा नाही त्याचे नाव यादीत येऊनही घर अडते. म्हणजे अनुदान शासनाचे आणि जागा अजून गावगाड्याची!

म्हणून घराची मागणी करताना आपण चार भिंतींवर थांबू नये. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीचा नकाशा स्वतः काढावा. त्यात प्रत्येक घरापासून पाणी किती पावलांवर आहे ते लिहावे. गटार कोणाच्या दारात संपते ते लिहावे. स्मशानाची वाट कोणाच्या शेतातून जाते आणि ती कागदावर आहे की मर्जीवर, हे तलाठ्याकडे जाऊन पाहावे. जागा किती कुटुंबांच्या नावावर आहे आणि त्यात किती बायकांची नावे आहेत ते मोजावे. दलितवस्तीच्या नावाने आलेला निधी वस्तीत उतरला की वेशीवरच्या रस्त्यात मुरला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. संडास बांधले असतील तर त्यात पाणी आहे काय हे आधी बायकांना विचारावे. हा नकाशा म्हणजे त्या गावाचा खरा इतिहास होईल. असा इतिहास आपल्यासाठी दुसरा कोणी लिहिणार नाही.

आणि आणखी एक मागणी. २६९ फुटांच्या घरात चार भावंडे असतात, दूरदर्शन असतो, आजारी म्हातारे असतात. तिथे दहावीचे पोर वाचणार कुठे? डबक चाळीत एका बापाने आपली झोप देऊन मुलाला जागा दिली. आज प्रत्येक बापाकडे तेवढी ताकद नाही, आणि ती असावी अशी अपेक्षा करणे हाही अन्याय आहे. म्हणून प्रत्येक वस्तीत दिवा, टेबल आणि पुस्तके असलेली अभ्यासिका हवी. समाजमंदिर पुष्कळ ठिकाणी आहे. त्याला कुलूप असते, ते जयंतीला उघडते. ते रोज संध्याकाळी उघडावे. पुतळ्यासाठी वर्गणी गोळा होते तशी पुस्तकांच्या कपाटासाठी व्हावी. बाबासाहेबांनी मिळकत विकून ग्रंथ राखले. आपण निदान कुलूप तरी काढू.

राजगृह हे एका माणसाचे घर होते. त्या माणसाची विद्वत्ता, वकिली आणि कर्ज काढण्याची पत सर्वांजवळ असणार नाही. पण त्या घरामागचा विचार कोणाही शेतमजुराला समजण्याजोगा आहे : राहण्याची जागा आपण निवडू, तिथे पाणी आपल्या हक्काचे असेल, घरात उजेड असेल आणि वाचणाऱ्याला बसायला जागा असेल. एवढे ज्या वस्तीत नाही ती वस्ती अजून गावकुसाबाहेरच आहे, मग तिच्या पाटीवर कोणतेही नाव असो. सोनाळ्याची आमची वस्ती आणि आपण जिथे राहता ती वस्ती या मापाने मोजून पाहावी, एवढेच माझे सांगणे आहे.